औषधाआधी काचपट्टी

टाकीतला कोई मासा अचानक कुशीवर वळतो, तळाला किंवा सिमेंटच्या भिंतीला अंग घासतो आणि झपकन दूर जातो. दोन दिवसांनी दुसराही तेच करू लागतो. काही मासे पर अंगाशी आवळून कोपऱ्यात थबकतात, एखादा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. मासे पाळणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी पाहावे लागते, आणि बहुतेकांचा हात लगेच औषधाच्या बाटलीकडे जातो. कुणी निळे औषध ओततो, कुणी पोटॅशियम परमँगनेटची चिमूट टाकतो, कुणी मूठभर मीठ. एक लागू पडले नाही की दुसरे, दुसरे पडले नाही की तिसरे.

अडचण अशी की हीच लक्षणे निदान पाच-सहा वेगवेगळ्या परजीवींमुळे दिसू शकतात. पाण्यात अमोनिया वाढला तरी मासा अंग घासतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन कल्ल्यांना झोंबले तरीही तो असाच सैरभैर होतो. लक्षणावरून कारण ओळखता येत नाही आणि एका कारणाचे औषध दुसऱ्याला चालत नाही. उलट, अमोनियाने आधीच होरपळलेल्या कल्ल्यांवर औषधाचा मारा झाला तर जगला असता तो मासाही जातो. म्हणून या प्रकरणाचे सगळे सांगणे एकच आहे: जे डोळ्यांनी पाहिले नाही, त्यावर औषध देऊ नये. आणि पाहण्यासाठी लागणारे साधन, साधा सूक्ष्मदर्शक, आज घरात ठेवता येते.

चिंचणीत हे साधन जास्तच गरजेचे का

चिंचणी हे डहाणू तालुक्यातले समुद्राकाठचे गाव. खाडीपलीकडे तारापूर, जवळचे स्टेशन वाणगाव, आग्नेयेला बोईसरची औद्योगिक वसाहत. या पट्ट्यात वाडीतल्या विहिरीशेजारी, अंगणात किंवा गच्चीवर टाकी बांधून कोई पाळायचे तर तीन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट पाणी. किनाऱ्यालगतच्या विहिरींना आणि बोअरवेलना उन्हाळ्यात खारटपणा चढू शकतो, तर नळाचे पाणी क्लोरीन घातलेले असते. दुसरी गोष्ट ऋतू. जून-जुलैच्या धुवांधार पावसात उघड्या टाकीचे तापमान आणि सामू एका रात्रीत बदलतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी गारठते, माशाची प्रतिकारशक्ती मंदावते आणि थंडीत फोफावणाऱ्या परजीवींचे फावते. तिसरी गोष्ट माशांची आवक. शोभेचे मासे बहुधा मुंबईहून येतात. एप्रिल २०१३ मध्ये उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या आणि कुर्ला किंवा क्रॉफर्ड मार्केटमधून घेतलेली माशाची पिशवी त्याच दिवशी घरी पोचवणे सोपे झाले. अनेक ठिकाणचे मासे जिथे एकत्र येतात, तिथे त्यांच्या अंगावरचे सूक्ष्म प्रवासीही एकत्र येतात.

यात प्रयोगशाळेच्या अंतराची भर पडते. मत्स्यरोगांचा अभ्यास करणारी केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था मुंबईत वर्सोव्याला आहे. १९६१ मध्ये स्थापन झालेली ही देशातली मोठी संस्था आहे, पण चिंचणीहून तिथे पोचायला काही तास जातात. माशाच्या अंगावरून घेतलेल्या नमुन्यातले परजीवी मात्र काही मिनिटांतच मंदावतात आणि मरतात. मेलेल्या माशाला सोडून तर ते लवकरच निघून जातात. ताजा नमुना जिथल्या तिथे पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे, आणि तो टाकीच्या शेजारीच शक्य होतो.

कोई म्हणजे आपला सायप्रिनसच

कोई ही वेगळी जात नाही. शेततळ्यात मासे सोडणारा शेतकरी ज्याला सायप्रिनस म्हणतो, त्याच सायप्रिनस कार्पिओ या माशाचे हे रंगीत वाण. जपानमधल्या निगाता प्रांतातले भातशेतकरी खाण्यासाठी हा मासा पाळत. एकोणिसाव्या शतकात त्यांनी त्यातले रंगीत मासे निवडून त्यांची पैदास सुरू केली आणि १९१४ च्या टोकियोतल्या प्रदर्शनानंतर हे मासे सगळ्या जपानला ठाऊक झाले. भारतात सायप्रिनस आला तो खाण्याचा मासा म्हणून: १९३९ मध्ये निलगिरीच्या थंड प्रदेशात आरशासारख्या खवल्यांचा वाण, आणि १९५७ मध्ये बँकॉकहून सपाट प्रदेशाला मानवणारा.

हे नाते व्यवहारात उपयोगी पडते. शेततळ्यातल्या सायप्रिनस, रोहू, कटल्याला छळणारे बरेच परजीवी कोईलाही लागतात. म्हणून ओढ्यातून किंवा शेततळ्यातून आणलेले पाणी, पाणवनस्पती अथवा चार-दोन बोटुकली कोईच्या टाकीत सोडणे म्हणजे परजीवींना आमंत्रण आहे. दुसरीकडे, कार्प माशांच्या रोगांवर आपल्याकडे जे ज्ञान जमले आहे ते कोई पाळणाऱ्यालाही तसेच वापरता येते.

आधी पाणी, मग मासा

सूक्ष्मदर्शक बाहेर काढण्याआधी पाणी तपासावे. शोभेच्या माशांच्या दुकानात मिळणाऱ्या थेंब-चाचणीच्या संचाने अमोनिया, नायट्राइट आणि सामू घरीच मोजता येतो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य असायला हवेत. सामू सात ते साडेआठच्या दरम्यान आणि दिवसभरात फार न हलणारा असावा. सामू आणि तापमान जितके चढे, तितका तोच अमोनिया जास्त विषारी ठरतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी हिरव्यागार टाकीत अगदी थोडा अमोनियाही घातक होऊ शकतो. अशा टाकीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे फक्त पहाटेच धापा टाकत असतील, तर संशय आधी प्राणवायूवर घ्यावा.

नुकतेच नळाचे पाणी भरले असेल तर क्लोरीनचा विचार करावा. सोडियम थायोसल्फेटने क्लोरीन जाते. पाणी बिघडलेले निघाले तर निम्मे काम इथेच होते: थोडे थोडे पाणी बदला, खाणे थांबवा, हवेचा पंप वाढवा. पण तपासणी इथे सोडू नका. बिघडलेले पाणी आणि परजीवी बऱ्याचदा जोडीने येतात.

कोणता सूक्ष्मदर्शक घ्यावा

कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतो तो साधा संयुक्त सूक्ष्मदर्शक या कामाला पुरतो. हरियाणातले अंबाला हे अशा उपकरणांच्या निर्मितीचे जुने केंद्र आहे आणि तिथे बनलेले विद्यार्थी-सूक्ष्मदर्शक देशभर मिळतात. दहापट नेत्रभिंग आणि चार, दहा, चाळीस पटींची तीन वस्तुभिंगे असली की ४०, १०० आणि ४०० पट मोठे दिसते. परजीवींसाठी एवढे बस्स. शंभरपट वस्तुभिंग आणि त्याला लागणारे तेल यांची गरज नाही. दिवा एलईडीचा असावा, म्हणजे नमुना तापत नाही. काचपट्टीखालच्या झडपेने उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे. ही सोय फार महत्त्वाची. जिवंत परजीवी जवळजवळ पारदर्शक असतात, त्यामुळे भगभगीत उजेडात ते दिसतच नाहीत. झडप बरीचशी मिटली की त्यांच्या कडा उठून दिसतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये जगापुढे आणलेला घडीच्या कागदाचा फोल्डस्कोप सुमारे १४० पट मोठे दाखवतो. अगदी स्वस्त असल्याने तो शाळाशाळांत पोचला आहे. मोठे परजीवी त्यातून दिसतात, पण सर्वांत बारीक परजीवी ओळखायला ४०० पट लागते. सुरुवात फोल्डस्कोपने करायला हरकत नाही, पण भरवसा साध्या संयुक्त सूक्ष्मदर्शकावर ठेवावा.

मापाची ओळखही पहिल्याच दिवशी करून घ्यावी. पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चारपट वस्तुभिंगाखाली, म्हणजे ४० पटीला, ठेवून दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास किती मिलिमीटर आहे ते पाहा. बहुतेक विद्यार्थी-सूक्ष्मदर्शकांत तो साडेचार मिलिमीटरच्या आसपास येतो. मग १०० पटीला वर्तुळ अंदाजे १.८ आणि ४०० पटीला ०.४५ मिलिमीटर, म्हणजे ४५० मायक्रॉन. हे आकडे उपकरणावर चिकटवून ठेवा. वर्तुळाच्या व्यासाचा कितवा भाग प्राण्याने व्यापला, त्यावरून त्याचा आकार कळतो आणि आकारावरून निम्मी ओळख पटते.

नमुना कसा घ्यावा

सगळी तयारी मासा पकडण्याआधी करा: पुसलेल्या काचपट्ट्या, कव्हरस्लिपा, ड्रॉपर, टाकीच्याच पाण्याची वाटी आणि उजेड जुळवलेला सूक्ष्मदर्शक. काचपट्टीवर टाकीच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. नळाचे पाणी घेऊ नका, त्यातले क्लोरीन परजीवींना मारते आणि मेलेला परजीवी ओळखणे जवळजवळ अशक्य असते.

मासा जाळीने हळू पकडून टाकीचेच पाणी भरलेल्या टबात घ्या. हात ओले हवेत, कोरडा हात लागला तर माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो. मोठ्या माशासाठी दोन माणसे लागतात: एकाने डोळ्यांवर ओले फडके ठेवून त्याला पाण्यातच धरायचे, दुसऱ्याने नमुना घ्यायचा. माशाला लवंगेच्या तेलाने गुंगी देण्याचीही पद्धत आहे. मात्रा चुकली तर मासा परत उठत नाही, म्हणून ती मत्स्यतज्ज्ञाकडून प्रत्यक्ष शिकल्याशिवाय वापरू नये.

कव्हरस्लिपची कड तिरकी धरून डोक्याकडून शेपटीकडे, खवल्यांच्या दिशेनेच, अलगद ओढा. दाब इतका हलका की फक्त बुळबुळीत थर निघेल, खवला उचलला जाणार नाही. जागा तीन: छातीच्या पराच्या मागे, पाठीवरच्या पराच्या बुडाशी आणि शेपटीच्या देठाजवळ. लाल डाग किंवा धूसर पापुद्रा दिसत असेल तर त्याच्या कडेचाही नमुना घ्या. मिळालेला थर थेंबात मिसळा आणि कव्हरस्लिप एका बाजूने टेकवत हळूहळू खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. मासा लगेच टाकीत सोडा. सराव झाल्यावर त्याला पकडून सोडेपर्यंत मिनिटभरही लागत नाही.

जिवंत माशाचा कल्ला घरी कापू नये. कल्ल्याचा तुकडा तपासायचा असेल तर नुकत्याच मेलेल्या माशाचा घ्यावा, तोही लगेच. मासा पांढरा पडून तरंगायला लागल्यावर त्यात खात्रीचे काही सापडत नाही.

निदान तीन मासे तपासा: एक जास्त त्रासलेला, एक थोडा आणि एक वरकरणी निरोगी. काम झाल्यावर हात साबणाने धुवा. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला. माशांच्या अंगावरचे काही जिवाणू माणसाच्या कातडीतही शिरू शकतात.

हालचालीवरून ओळख

काचपट्टी आधी ४० पटीला लावा आणि एका कोपऱ्यापासून सुरू करून ओळीने, शेतात नांगर फिरवावा तशी, सगळी फिरवा. काही हलताना दिसले तर तिथे थांबून भिंग वाढवा. रंग किंवा आकाराआधी हालचाल पाहा, प्रत्येक परजीवीची चाल वेगळी असते.

पांढरे ठिपके पाडणारा इक हा त्यातला सर्वांत मोठा एकपेशीय परजीवी. पूर्ण वाढलेला इक एक मिलिमीटरपर्यंत भरतो. तो गोल, गडद असतो आणि सावकाश लोळण घेत फिरतो. त्याच्या पोटात घोड्याच्या नालेच्या आकाराचे केंद्रक दिसले की शंका उरत नाही. लहान इकमध्ये ते नीट दिसत नाही, तेव्हा सगळ्या अंगावर थरथरणारे बारीक केस आणि आळसावलेले लोळणे यावरून ओळखावे. इक माशाच्या कातडीखाली वाढतो, मग सुटून तळाला जातो, आवरणात बंद होतो आणि शेकडो पिल्ले सोडतो. त्यांना साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, १० अंशांना महिन्याहून जास्त लागतो. चिंचणीच्या हवेत विचार करायला फार दिवस मिळत नाहीत.

ट्रायकोडिना ५० मायक्रॉनच्या आसपासची गोल तबकडी. वरून पाहिली तर आत दातांचे सुबक कडे दिसते, बाजूने पाहिली तर टोपीसारखी. ती स्वतःभोवती गरगरत काचपट्टीभर झपाट्याने फिरते. एकदा पाहिल्यावर विसरता येत नाही. ती बहुतांशी पाण्यातले जिवाणू खाऊन जगते. म्हणूनच तिची संख्या वाढली असेल तर तळाशी कुजणारा गाळ आणि तुंबलेला फिल्टर आधी पाहावा. ट्रायकोडिनाची गर्दी पाण्याचाही अहवाल देत असते.

चिलोडोनेला चपटा, हृदयाकृती, साधारण ३० ते ७० मायक्रॉनचा. त्यावर समांतर रेघा दिसतात आणि तो सरकत सरकत वर्तुळे घेतो. थंड पाण्यात तो जोर धरतो आणि कल्ल्यांवर आला तर मासे भराभर मरतात. हिवाळ्यात कोई मलूल झाले तर त्याला मुद्दाम शोधा.

कॉस्टिया, म्हणजेच इक्थिओबोडो, सर्वांत बारीक आणि सर्वांत फसवा. जेमतेम १० ते १५ मायक्रॉन, म्हणजे माशाच्या रक्तातल्या तांबड्या पेशीएवढा. ४०० पटीला तो स्वल्पविरामासारखा दिसतो आणि वेडावाकडा लुकलुकत फिरतो. काचपट्टी लावून बराच वेळ गेला असेल तर तो हलत नाही आणि मग हमखास निसटतो. नवख्या माणसाने ‘काही नाही’ असा निर्वाळा देण्याआधी ४०० पटीवर निदान पाच मिनिटे धीराने पाहावे, ते कॉस्टियासाठीच.

चपट्या कृमींचे दोन प्रकार मात्र पुन्हा पुन्हा भेटतात. दोघेही अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे, एका टोकाला आकड्यांचा नांगर रुतवून उरलेले अंग लांबवणारे-आखडणारे. डोक्याकडे चार काळे ठिपके असतील तर तो डॅक्टिलोगायरस. तो कल्ल्यांवर राहतो आणि अंडी घालतो. ठिपके नसतील आणि पोटात पिल्लाच्या आकड्यांची जोडी दिसत असेल तर तो गायरोडॅक्टिलस. तो अंगावर राहतो आणि जिवंत पिल्ले देतो, त्या पिल्लाच्या पोटातही पुढचे पिल्लू तयार होत असते. हा फरक केवळ अभ्यासाचा नाही. अंड्यांवर औषध चालत नाही, म्हणून डॅक्टिलोगायरससाठी पुढची पिढी बाहेर आल्यावर औषध पुन्हा द्यावे लागते. कृमीच्या डोक्यावरचे ठिपके पाहायला लागलेला क्षण पुढचे कित्येक दिवस ठरवतो.

माशावरची ऊ, म्हणजे आरगुलस, आणि अंगात रुतून बसलेला अँकर वर्म नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आरगुलस पाच-दहा मिलिमीटरची चपटी बशी आहे, दोन चूषकांनी माशाला चिकटते. मादी माशावरून उतरून दगड, भिंत अशा कठीण पृष्ठभागावर अंडी चिकटवते. मत्स्यशेतीत याचा उपयोग करून घेतात: पाण्यात बांबू किंवा लाकडी फळ्या ठेवायच्या, अंडी चिकटली की फळ्या बाहेर काढून उन्हात वाळवायच्या. छोट्या टाकीत हा उपाय बिनविषारी आणि सोपा आहे.

परजीवी नसलेले

काचपट्टीवर दिसणारी प्रत्येक गोष्ट शत्रू नसते. जाड काळ्या कडेचा न हलणारा गोल बहुधा हवेचा बुडबुडा असतो. पारदर्शक फरशांसारख्या जुळलेल्या पेशी माशाच्याच कातडीच्या. हिरवे किंवा सोनेरी सांगाडे शेवाळाचे. देठावर उभी राहून झटकन आखडणारी घंटा म्हणजे वोर्टिसेला, ती पाण्यात सर्वत्र असते. चपलेच्या आकाराचा, भरधाव पळणारा पॅरामेशियमही टाकीतला रहिवासी आहे. म्हणून मासे ठणठणीत असतानाच नमुने पाहायची सवय लावावी. चिंचणी-वाणगाव पट्ट्यात दागिन्यांचे ठसे पोलादात कोरणारे डायमेकर घरोघरी आहेत. नजर तयार व्हायला आधी निर्दोष काम भरपूर पाहावे लागते, हे त्यांना सांगावे लागणार नाही.

संशय राहिला तर मोबाइल नेत्रभिंगाला लावून चित्रफीत घ्या. फोटोपेक्षा चित्रफीत बरी, चाल तिच्यातच दिसते. जाणकाराला ती पाठवता येते आणि महिन्याभरानंतर आपली आपल्यालाही पुन्हा पाहता येते.

आकड्यांवरून निर्णय

एखादा परजीवी सापडला म्हणजे लगेच औषध, असे नाही. इक एकच सापडला तरी कामाला लागावे, कारण त्याच्यामागे शेकडोंची रांग असते. कॉस्टिया आणि चिलोडोनेला सहज सापडत असतील तर तेही थांबण्याजोगे नाही. ट्रायकोडिना सगळ्या काचपट्टीत एखाद-दुसरी असेल तर टाकी साफ करून आठवड्याने पुन्हा पाहावे. प्रत्येक वर्तुळात चार-सहा गरगरत असतील तर उपाय हवा. प्रत्येक तपासणीची तारीख, पाण्याचे तापमान, मासा, जागा आणि संख्या वहीत लिहा. औषधाने गुण आला की नाही, हे दुसऱ्या आठवड्यातली संख्या सांगते. मासा शांत वाटतो, एवढ्यावरून ते ठरत नाही.

उपायाआधी टाकीत पाणी किती हे नेमके मोजा. लांबी, रुंदी आणि खोली मीटरमध्ये गुणून हजाराने गुणले की लिटर येतात. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, एक मीटर खोल टाकीत ६,००० लिटर. मिठाचे ०.३ टक्के प्रमाण म्हणजे लिटरला तीन ग्रॅम, म्हणून एकूण १८ किलो. तेही एकदम नाही, दोन-तीन दिवसांत विभागून. मूठभर मीठ टाकून काही होत नाही, हे या हिशेबात दिसतेच. मिठाने माशाचा ताण हलका होतो आणि काही एकपेशीय परजीवी आटोक्यात येतात, पण ट्रायकोडिना आणि कृमी त्याला सहसा दाद देत नाहीत. मीठ उडून जात नाही, पाणी बदलूनच ते काढावे लागते, आणि ते पाणी चिकूच्या किंवा भाज्यांच्या मुळांशी सोडू नये.

पोटॅशियम परमँगनेट लिटरला दोन मिलिग्रॅम म्हणजे याच टाकीला १२ ग्रॅम. सोनाराच्या काट्यावर तोलल्याशिवाय ते वापरू नये, जास्त झाले तर कल्ले जळतात. हवेचा पंप चालू ठेवा. पाण्याचा गुलाबी रंग तपकिरी झाला की औषध संपले असे समजा. फॉर्मालिनबरोबर ते कधीही मिसळू नका. कृमींवर प्राझिक्वांटेल वापरतात, त्याची मात्रा पशुवैद्यक किंवा मत्स्यतज्ज्ञाला विचारून घ्यावी. मॅलाकाइट ग्रीनला भारतात मत्स्यशेतीत बंदी आहे. ज्या टाकीचे पाणी वाडीत, विहिरीजवळ किंवा शेततळ्यात उतरते, तिथे त्याला थारा देऊ नये. इकवर कोणतेही औषध वापरले तरी कातडीखालच्या अवस्थेपर्यंत ते पोचत नाही, फक्त पाण्यात सुटलेली पिल्ले मरतात. म्हणून चक्र पूर्ण होईपर्यंत औषध पुन्हा पुन्हा द्यावे लागते आणि अधूनमधून काचपट्टी पाहावी लागते.

सूक्ष्मदर्शकाची हद्द

डेल्फ्टमधला कापडाचा व्यापारी लेव्हेनहूक याने स्वतः घासलेल्या भिंगातून १६७४ मध्ये पाण्यातले एकपेशीय जीव पाहिले आणि १६८१ मध्ये स्वतःच्या पोटातले परजीवी. त्याच्याकडे पदवी नव्हती, प्रयोगशाळा नव्हती. घरी बसून, काळजीपूर्वक पाहून आणि पाहिलेले लिहून ठेवून एवढे साधते. पण त्याच्याही भिंगाला हद्द होती आणि आपल्याही आहे. जिवाणूंची नेमकी ओळख घरी पटत नाही. विषाणू तर दिसतच नाहीत. १९९८ मध्ये इस्रायल आणि अमेरिकेत उघड झालेला कोई हर्पीस विषाणू थोड्या दिवसांत टाकीच्या टाकी रिकामी करतो, आणि काचपट्टीवर त्याचा मागमूस नसतो.

म्हणून काचपट्टी स्वच्छ निघाली याचा अर्थ मासा निरोगी असा होत नाही. तीन माशांचे नमुने स्वच्छ, पाणी उत्तम आणि तरीही मासे मरत असतील, तर घरच्या तपासणीचे काम तिथे संपते. केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था किंवा रत्नागिरीजवळ शिरगावचे मत्स्य महाविद्यालय यांच्याकडे आधी विचारणा करून नमुना कसा आणायचा ते समजून घ्यावे. डहाणू तालुक्यातच कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, पुढची वाट तिथेही विचारता येईल. जाताना वही सोबत न्यावी. पाण्याचे आकडे, काय सापडले नाही आणि कोणते औषध दिले गेले नाही, एवढे कळले तरी तज्ज्ञाचा निम्मा शोध वाचतो.

नव्या माशाचा पहिला महिना

या सगळ्या खटाटोपाचा सर्वाधिक लाभ आजारी माशापेक्षा नव्या माशाला तपासण्यात आहे. मुंबईहून आणलेला कोई थेट टाकीत न सोडता वेगळ्या पिंपात, वेगळ्या जाळीने आणि वेगळ्या फिल्टरसह तीन-चार आठवडे ठेवावा. पहिल्या दोन दिवसांत एक तपासणी, मग दर आठवड्याला एक. प्रवासाच्या ताणाने मासा दुबळा झाला की आधी दबून असलेले परजीवी याच काळात डोके वर काढतात, आणि पिंपात दोनशे लिटर पाणी असेल तर उपायही स्वस्त, मोजता येण्याजोगा आणि आटोपशीर होतो. हाच परजीवी सहा हजार लिटरच्या टाकीत शिरला तर जुने सगळे मासे धोक्यात येतात.

एका गावात चार-पाच घरे मासे पाळत असतील तर सूक्ष्मदर्शक एकत्र घ्यावा आणि शाळा-कॉलेजातल्या विज्ञानाच्या शिक्षकांना बोलावून एकमेकांचे नमुने पाहावेत. एकाच्या टाकीत पाहिलेला कॉस्टिया दुसऱ्याला आयुष्यभर ओळखता येतो. हे ज्ञान पुस्तकातून अर्धेच मिळते, उरलेले अर्धे शेजाऱ्याच्या काचपट्टीवरून घ्यावे लागते.